बिल्डर व्हायला पात्रता लागते का? चिंचणी-बोईसरमध्ये घर बांधण्याआधी हे समजून घ्या

चिंचणीत रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. विजेच्या फिटिंगचं काम घेणाऱ्या ठेकेदाराला राज्य सरकारचं लायसन्स लागतं. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटालाही आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते.

मग तो फ्लॅट बांधणाऱ्याला काय लागतं?

उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो. महाराष्ट्रात बिल्डर होण्यासाठी कोणतीही परीक्षा नाही. शिक्षणाची अट नाही, अनुभवाची अट नाही आणि 'बिल्डर' म्हणून मिळणारा कोणताही वैयक्तिक परवाना नाही. हातात जमीन आणि पैसा असेल, किंवा दोन्ही उभं करता येत असेल, तर कोणीही बिल्डर होऊ शकतो. गावात बंगला किंवा एक मजली घर बांधून देणाऱ्या ठेकेदाराला तर एवढंही लागत नाही.

पण 'रेरा नंबर' असतो ना? इंजिनीअरची सही असते ना? ग्रामपंचायतीची परवानगी असते ना? हे सगळं असतं, पण यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसाला किंवा वेगळ्या कागदाला लागू होते. बांधणाऱ्याची पात्रता यापैकी कुठेच तपासली जात नाही.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा?

कारण पालघर जिल्ह्याच्या किनारी पट्ट्यात बांधकामाला जोर येतोय. चिंचणीच्या उत्तरेला याच किनाऱ्यावर वाढवण बंदर होतंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये भूमिपूजन झालं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही याच जिल्ह्यातून जातो. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुऊर्जा प्रकल्प तर कित्येक दशकांपासून इथे आहेत.

त्यामुळे तीन प्रकारचे लोक इथे घराच्या शोधात असतात. एमआयडीसीत नोकरी करणारे आणि भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या वन बीएचकेत जाऊ पाहणारे. मुंबईतून निवृत्त होऊन गावच्या जुन्या कौलारू घराच्या जागी पक्कं घर बांधणारे. आणि बंदर येणार म्हणून गुंतवणुकीसाठी प्लॉट किंवा फ्लॅट घेणारे.

तिघांच्याही आयुष्यातला हा बहुतेक सगळ्यात मोठा खर्च असतो. आणि तिघांनाही 'माणूस चांगला आहे, गावात दहा घरं बांधलीत' या भरवशावर निर्णय घ्यावा लागतो.

बिल्डर, प्रवर्तक, ठेकेदार, मिस्त्री: नेमकं कोण कोण?

बोलताना आपण सगळ्यांनाच 'बिल्डर' म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे वेगवेगळे लोक आहेत.

विकण्यासाठी इमारत उभी करणारा म्हणजे प्रवर्तक. रेरा कायद्यात 'प्रमोटर' म्हणतात तो हाच. जमीन त्याची किंवा भागीदारीतली असते आणि फ्लॅट तो विकतो.

प्रत्यक्ष बांधकामाचं कंत्राट घेणारा म्हणजे ठेकेदार. तो प्रवर्तकाचं काम घेतो, किंवा थेट तुमच्या प्लॉटवर तुमचं घर चौरस फुटाच्या दराने बांधून देतो.

ठेकेदाराच्या हाताखाली गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे फिटर असतात. लहान गावांत बऱ्याचदा अनुभवी मिस्त्रीच पुढे ठेकेदार होतो.

यातल्या कोणालाही खासगी घर बांधण्यासाठी पात्रता सिद्ध करावी लागत नाही. गंमत म्हणजे सरकारी काम घ्यायचं असेल तर चित्र उलटं होतं. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदाराला ठराविक वर्गात नोंदणी करावी लागते आणि किती रकमेपर्यंतचं काम घेता येईल हे त्या वर्गावर ठरतं. म्हणजे सरकारसाठी शाळेची खोली बांधणाऱ्याची आर्थिक कुवत आणि अनुभव तपासला जातो. तुमचं घर बांधणाऱ्याचा तपासला जात नाही.

मग रेरा नंबर म्हणजे काय?

रेरा कायदा २०१६ चा. तो मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि महाराष्ट्रात 'महारेरा' प्राधिकरण सुरू झालं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. महारेराची नोंदणी प्रकल्पाची असते, बिल्डरची नाही.

नोंदणी करताना प्रवर्तकाला जमिनीच्या मालकीचे कागद, मंजूर नकाशे, बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, प्रकल्प कधी पूर्ण होणार याची तारीख आणि गेल्या पाच वर्षांतल्या आपल्या प्रकल्पांची माहिती द्यावी लागते. बिल्डरांच्या एखाद्या मान्यताप्राप्त संघटनेचं सदस्यत्वही दाखवावं लागतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ती फक्त त्या प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यावरच खर्च करता येते. पैसे काढण्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं लागतात.

ग्राहकासाठी हे संरक्षण मोठं आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा उशिरा दिला तर व्याज द्यावं लागतं. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात रचनात्मक दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

पण या संपूर्ण प्रक्रियेत 'तुम्हाला बांधकामातलं काय कळतं?' हा प्रश्न बिल्डरला कुठेच विचारला जात नाही. गेल्या पाच वर्षांचे प्रकल्प सांगायचे असतात, पण एकही प्रकल्प केला नसेल तर 'नाही' असं लिहिलेलं चालतं.

गंमत एजंटांच्या बाबतीत दिसते. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. त्याच वर्षी मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. म्हणजे फ्लॅट दाखवणाऱ्याची परीक्षा होते आणि बांधणाऱ्याची होत नाही.

आणि लहान इमारतींचं काय?

चिंचणीसारख्या गावासाठी रेरातली सगळ्यात महत्त्वाची अट हीच. जमिनीचं क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सगळे टप्पे मिळून फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही.

५०० चौरस मीटर म्हणजे साधारण पाच गुंठे. गावातल्या कितीतरी इमारती याच मापाच्या असतात. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरं, असा हिशेब केला तरी सहाच फ्लॅट होतात. अशा इमारतीला रेरा नंबर नसणं बेकायदा नाही. पण मग ७० टक्क्यांचं वेगळं खातं नाही, वेबसाइटवर प्रकल्पाची माहिती नाही आणि दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवालही नाही.

स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधत असाल तर रेराचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे विक्री नाही. म्हणजे ज्या घरांना बिल्डरच्या पात्रतेची सगळ्यात जास्त गरज आहे, तीच घरं उरलेल्या चाळणीतूनही सुटतात.

मग कायदा पात्रता कोणाची तपासतो?

नकाशावर सही करणाऱ्याची. आर्किटेक्टसाठी १९७२ चा वास्तुविशारद कायदा आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही.

इंजिनीअरसाठी असा देशव्यापी कायदा नाही. त्यांची पात्रता बांधकाम नियमावलीत ठरलेली असते. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिलाच सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. त्यात इंजिनीअर, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि सुपरवायझर यांच्या पात्रता दिल्या आहेत. स्ट्रक्चरल इंजिनीअर व्हायला स्थापत्य शाखेची पदवी आणि संरचना आराखड्याच्या कामाचा अनुभव लागतो. सुपरवायझरला स्थापत्य पदविका आणि दोन वर्षांचा अनुभव, किंवा आयटीआयचा आरेखक अभ्यासक्रम आणि त्याहून जास्त वर्षांचा अनुभव लागतो. सुपरवायझरला फक्त लहान भूखंडांवरची कामं घेता येतात.

घर बांधणाऱ्याच्या परवान्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे कोणती, तर हा सुपरवायझरचा परवाना. पण तो ठेकेदाराकडे असायलाच हवा, अशी अट नाही. सही करणारा एक, बांधणारा दुसरा, अशीच व्यवस्था आहे. सही करणारा साइटवर किती वेळा येतो, हे मात्र मालकालाच बघावं लागतं.

चिंचणी आणि बोईसर: काही किलोमीटरवर नियम बदलतात

इथे एक मोठी गफलत होते. बोईसर पालघर तालुक्यात आहे आणि चिंचणी डहाणू तालुक्यात. मधलं अंतर थोडंसंच, पण कायद्याच्या दृष्टीने फरक खूप आहे.

केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यातली हरित क्षेत्रं, फळबागा आणि आदिवासी भाग नकाशावर दाखवावेत आणि तिथला जमिनीचा वापर बदलू नये, अशी अट त्यात आहे. यावर देखरेखीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. यूडीसीपीआरमधूनही केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आणि नाजूक क्षेत्रं वगळलेली आहेत.

याचा साधा अर्थ असा की 'बोईसरला एवढे मजले चालले, मग इथेही चालतील' हे ठेकेदाराचं वाक्य पुरेसं नाही. चिकूच्या वाडीतला प्लॉट विकत घेताना तर नाहीच नाही.

त्यावर आणखी तीन गोष्टी येतात. पहिली, समुद्र. किनारा नियमन क्षेत्र म्हणजे सीआरझेडची २०१९ ची अधिसूचना. ग्रामीण भागात भरती रेषेपासून किती अंतरावर बांधकाम चालत नाही, हे गावाच्या लोकसंख्येच्या घनतेवर ठरतं. दाट वस्तीच्या गावात ५० मीटर, विरळ वस्तीच्या गावात २०० मीटर. स्वतः राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला सीआरझेडची मंजुरी स्थानिक प्राधिकरणच देऊ शकतं, पण मंजुरी घ्यावीच लागते.

दुसरी, जमीन. डहाणू तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ नुसार पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर व्यवहारच रद्द होऊ शकतो, मग वर इमारत कितीही पक्की असो.

तिसरी, परवानगी देणारा कोण. चिंचणी ग्रामपंचायतीचं गाव आहे. गावठाणातल्या घराचा अर्ज ग्रामपंचायतीत जातो. गावठाणाबाहेर अधिकार जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असतो आणि नगररचना विभाग नकाशा तपासतो. गावठाणाबाहेरच्या इमारतीला नुसती ग्रामपंचायतीची 'ना हरकत' दाखवून फ्लॅट विकले जात असतील तर तिथेच थांबा.

आणि नमुना ८ चा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही.

पात्रता नसली तर बिघडतं काय?

आराखडा बरोबर असेल तर मिस्त्रीच्या अनुभवावर घर उभं राहतंच की, असं अनेकांना वाटतं. पण किनाऱ्यावरचं बांधकाम आतल्या भागातल्या बांधकामासारखं नसतं.

खाऱ्या हवेतलं क्लोराइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतं आणि सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते, त्यामुळे काँक्रीटला तडे जातात आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. हे पाच-दहा वर्षांनी दिसतं, तोवर ठेकेदार हिशेब पूर्ण करून गेलेला असतो.

म्हणूनच आयएस ४५६ हे भारतीय मानक किनाऱ्याच्या वातावरणात उघड्या असलेल्या काँक्रीटला 'तीव्र' गटात टाकतं. या गटात सळई असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम ३० दर्जा सांगितला आहे. सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. लहान घरांच्या कामात मात्र सवयीने एम २० चा माल पडतो आणि कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सळईखाली सरकवला जातो. खाडीतली खारी रेती न धुता वापरली, तर गंज आतूनच सुरू होतो.

पाणी मारण्याचंही तसंच. आज बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट राखमिश्रित असतं. अशा सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलं ठेवावं, असं मानक सांगतं. 'तीन दिवस पाणी मारलं, बस झालं' म्हणणाऱ्याला घर कितीही स्वस्तात दिलं तरी ते महागच पडतं.

भूकंपाचा मुद्दाही इथे कागदोपत्री नाही. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात हा भाग झोन ३ मध्ये येतो. या झोनमध्ये कॉलम आणि बीम जिथे जुळतात तिथे सळईच्या रिंगा जवळजवळ बांधाव्या लागतात. रिंगांची टोकं आत वळवलेली असावी लागतात. स्लॅब भरल्यावर यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त बांधताना, आणि ज्याला कळतं त्यालाच.

चुकीची किंमत कोण मोजतं?

याच पालघर जिल्ह्यात विरार पूर्वेला २०२५ च्या ऑगस्टमध्ये रमाबाई अपार्टमेंट इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळला. १७ जणांचा जीव गेला. महापालिकेने इमारत अनधिकृत असल्याचं सांगितलं. रहिवाशांनी मात्र तिथे पैसे मोजून घरं घेतली होती.

महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ जणांचा मृत्यू झाला. इमारत जुनी नव्हती, दहा वर्षंही झाली नव्हती. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हे दाखल झाले. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये शीळ-मुंब्रा इथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडली, तेव्हा ७४ जण गेले.

कागदच खोटे असण्याचं उदाहरण कल्याण-डोंबिवलीचं. तिथे ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यावर रेरा नोंदणी घेतली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. घरं घेणाऱ्यांनी रेरा नंबर तपासलेला होता. तरीही ते अडकले.

या घटनांमध्ये अटक होते, खटला चालतो. पण एक गोष्ट होत नाही. बिल्डरचा परवाना रद्द होत नाही, कारण तो मुळात नसतोच. रेरात प्रकल्पाची नोंदणी रद्द करता येते आणि प्रवर्तकाचं नाव व फोटो कसूरदारांच्या यादीत टाकता येतो. पण नवी कंपनी काढून, नातेवाइकाच्या नावावर पुढचा प्रकल्प सुरू करणं अशक्य नाही. आणि नोंदणीची सक्ती नसलेल्या लहान इमारतींच्या ठेकेदाराचं नाव तर कुठल्याच यादीत येत नाही.

परवान्याचा खरा उपयोग इथे कळतो. परवाना देणाऱ्याला तो काढूनही घेता येतो.

बाहेर कुठे असा परवाना आहे का?

आहे. अमेरिकेत हा राज्यांचा विषय आहे. मिशिगन राज्यात निवासी बिल्डरच्या परवान्यासाठी आधी ६० तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. मग कायदा-व्यवहार आणि प्रत्यक्ष बांधकाम अशी दोन्ही बाजूंची परीक्षा द्यावी लागते. कॅलिफोर्नियात चार वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि परीक्षा लागते. शिवाय २५ हजार डॉलरचा बॉण्ड द्यावा लागतो. परवाना क्रमांक वेबसाइटवर टाकला की त्या ठेकेदाराचा परवाना चालू आहे का आणि त्याच्यावर कारवाई झाली आहे का, हे कोणालाही दिसतं.

यात डिग्रीची सक्ती नाही, हे लक्षात घ्यायला हवं. साइटवर वाढलेला सुतार किंवा गवंडीही अनुभव दाखवून, परीक्षा देऊन परवाना मिळवू शकतो.

मग आपल्याकडेही परवाना आणायचा का?

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

विरोधाचा मुद्दा हलका नाही. आधीच बांधकामाला डझनभर परवानग्या लागतात. आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक पाकीट, अशी भीती लोकांना वाटते. पालघरच्या खेड्यांत घरं बांधणारे अनेक मिस्त्री फारसे शिकलेले नाहीत, पण हाताने पक्के आहेत. इंग्रजी फॉर्म आणि ऑनलाइन परीक्षा आली तर सगळ्यात आधी तेच बाहेर फेकले जातील. काम मोठ्या कंपन्यांकडे जाईल आणि घर महागेल. शिवाय कल्याण-डोंबिवलीत दिसलं तसं, कागद खोटे करणाऱ्याला एक कागद वाढल्याने फरक पडत नाही.

बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा की आज सगळी जोखीम घर घेणाऱ्यावर आहे. एजंटांसाठी परीक्षा सुरू झाली तेव्हाही ती कशाला, असं विचारलं गेलं होतं, पण ती झाली. कौशल्य विकास योजनांमध्ये गवंड्याचं आधीपासून येणारं काम तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. तीच पायरी धरून मराठीत, साइटवरच प्रात्यक्षिक घेऊन, लहान घरांपुरता ठेकेदाराचा परवाना देता येईल. सुरुवात सक्तीने न करता सार्वजनिक यादीपासून करता येईल. कोणी कोणतं काम केलं, तक्रार आली का, निकाल काय लागला, एवढं जरी लोकांना दिसलं तरी मोठा फरक पडेल.

वाद परवान्याच्या नावावर अडकण्याची गरज नाही. मुद्दा एवढाच आहे की आज पाच गुंठ्यांच्या आतल्या घराच्या ठेकेदाराबद्दल तपासण्यासारखी एकही अधिकृत नोंद सामान्य माणसाकडे नाही.

तोवर तुम्ही काय तपासाल?

सरकार जी परीक्षा घेत नाही, ती सध्या तुम्हालाच घ्यावी लागेल. त्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही.

१. फ्लॅट घेत असाल तर आधी विचारा: रेरा नोंदणी आहे का, नसेल तर का नाही? जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून प्रकल्पाचं पान उघडा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो देणं बंधनकारक आहे. तिथली बांधकाम परवानगी ज्या कार्यालयाने दिली म्हणतात, त्याच कार्यालयात जाऊन खरी आहे का ते विचारा.

२. जमिनीचा ताजा सातबारा आणि फेरफार बघा. जमीन आदिवासी खातेदाराची होती का, हे मागच्या फेरफारांवरून कळतं.

३. प्लॉट डहाणू तालुक्यात असेल तर जमिनीचा वापर प्रादेशिक योजनेत काय दाखवला आहे, याचा झोन दाखला नगररचना कार्यालयाकडून लेखी घ्या. किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडचीही खात्री करा. अणुऊर्जा प्रकल्पाच्या जवळच्या गावांत लोकवस्ती वाढू नये म्हणून वेगळे निर्बंध असतात, तेही विचारा.

४. ठेकेदाराला त्याची नवी घरं नका विचारू, सात-आठ वर्षांपूर्वीची विचारा. समुद्राजवळची विचारा. तिथे जाऊन स्लॅबची खालची बाजू, बाल्कनीच्या कडा आणि गच्चीखालचे कोपरे बघा. घरमालकाशी ठेकेदार सोबत नसताना बोला.

५. स्ट्रक्चरल इंजिनीअर तुम्ही नेमा, त्याचे पैसे तुम्ही द्या. ठेकेदाराने आणलेला इंजिनीअर ठेकेदाराचं ऐकतो. पाया, प्लिंथ आणि प्रत्येक स्लॅब भरण्याआधी त्याने सळई तपासून सही करावी, असं आधीच ठरवा.

६. करार लेखी करा. सिमेंट-सळईचा प्रकार, काँक्रीटचा दर्जा, आवरण किती, पाणी किती दिवस मारायचं, कोणत्या टप्प्याला किती पैसे, दोष निघाला तर कोण दुरुस्त करणार, हे सगळं त्यात हवं. पैसे टप्प्याने आणि बँकेतून द्या. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवता आला तर उत्तम.

७. स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवा आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून घ्या. घराच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ असते.

८. सळई बांधून झाली की स्लॅब भरण्याआधी मोबाइलवर प्रत्येक कॉलम-बीमचे फोटो काढा. पुढे वाद झाला तर हाच पुरावा उरतो.

फसवणूक झालीच तर?

प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल तर महारेराच्या वेबसाइटवर ऑनलाइन तक्रार करता येते. सक्ती असूनही नोंदणी न केलेल्या प्रकल्पाचीही माहिती देता येते. अशा प्रवर्तकाला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

रेराच्या बाहेरचं लहान काम असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' मानली आहे. म्हणजे तुमच्या प्लॉटवर घर बांधून देणारा ठेकेदारही त्यात येतो. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. त्यासाठी करार, पावत्या आणि बँकेच्या नोंदी लागतात. रोखीत आणि तोंडी झालेल्या व्यवहारात ठेकेदाराचं नाव सिद्ध करणंही अवघड जातं.

वाढवण बंदराचं काम जसं पुढे सरकेल, तसे चिंचणी, तारापूर, वाणगाव, बोईसर भागात प्लॉटचे दर आणि नव्या इमारतींचे फलक दोन्ही वाढतील. त्यातले काही बिल्डर वर्षानुवर्षं काम केलेले असतील, काही काल जमीन-दलाली करणारे असतील. कायद्याच्या नजरेत आज तरी दोघे सारखेच आहेत. त्यामुळे टोकनची रक्कम देण्याआधी एक सुट्टीचा दिवस काढून त्यांची जुनी घरं बघून या.